बारा बिट, चौदा बिट सगळं ठीक, पण डेमोला आपला सिग्नल लावून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे कॉलेजच्या लॅब आणि छोट्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणावर लेख आला होता, आम्ही इथे बडोद्यात तो ई-पेपरवर वाचला. लेख चांगला होता, पण त्याचा एकूण सूर असा होता की जुने सीआरओ, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेनं दाखवणारे पिक्चर ट्यूबचे ऑसिलोस्कोप, काढा आणि नवे हाय रिझोल्यूशन डिजिटल स्कोप आणा म्हणजे काम झालं. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, इन्व्हर्टर, यूपीएसच्या टेस्टिंग-रिपेअरिंगचं काम करतो, त्यामुळे आजूबाजूचे शेठ लोक कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, भाई आ नवुं छे, लेवाय के नहीं (हे नवीन आहे, घ्यावं की नाही)? पंधरा-वीस लाखांची वस्तू, वर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर लेखात कुठेच नव्हतं म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त आकडे कापू नका.

आधी १२ बिटबद्दल, कारण सेल्सवाले तिथूनच सुरू करतात. जुन्या डिजिटल स्कोपमधला एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप, ८ बिटचा, म्हणजे पडद्याच्या खालपासून वरपर्यंत २५६ पायऱ्या. १२ बिटला त्या ४०९६ होतात, १४ बिटला १६३८४. आता ही टेक्नॉलॉजी काही कालची नाही. लेक्रॉयनं १२ बिटचे एचडीओ स्कोप २०१२ मध्ये आणले, टेक्ट्रॉनिक्सची ५ सिरीज २०१७ मध्ये आली, रोड अँड श्वार्झचा एमएक्सओ ४ २०२२ मध्ये, आणि त्याच सुमारास रायगॉल आणि सिग्लेंट या चिनी कंपन्यांनी १२ बिट इतकं खाली आणलं की आता दोनशे मेगाहर्ट्झच्या आतल्या टेबलावरच्या छोट्या स्कोपमध्येसुद्धा ते मिळतं. म्हणजे १२ बिट कच्चं आहे, अजून थांबा, असं जे लोक सांगतात ते दहा वर्षं मागे आहेत. १४ बिटचं वेगळं, कीसाइटची एचडी३ मालिका २०२४ च्या सप्टेंबरात आली, त्याबद्दल पुढे लिहितो.

पण पायऱ्या वाढल्या म्हणून माप खरं झालं असं नाही, आणि आमच्याकडे बहुतेकांचा घोळ इथेच होतो. एक उदाहरण घेऊ जे आमच्या भागात रोजचं आहे. ४१५ व्होल्ट थ्री फेजचा ड्राइव्ह, आत डीसी बस साधारण ५९० व्होल्टची. त्यातला आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद असताना त्याच्यावर ५९० व्होल्ट आणि चालू झाला की जेमतेम २ व्होल्ट. हे २ व्होल्ट बघायचे असतात कारण डिव्हाइस किती तापणार ते त्यावर ठरतं. स्कोप १०० व्होल्ट पर डिव्हिजनवर ठेवला, आठ डिव्हिजन धरले तर पूर्ण पडदा ८०० व्होल्टचा. ८ बिटला एक पायरी ३.१ व्होल्टची, म्हणजे आपले २ व्होल्ट एका पायरीतसुद्धा बसत नाहीत, ते तिथे आहेत की नाहीत हेच कळत नाही. १२ बिटला पायरी ०.२ व्होल्टची, म्हणजे २ व्होल्टला दहा पायऱ्या मिळाल्या, सेल्सवाला नेमकं हेच दाखवतो आणि शेठ खूश होतात. आता गंमत बघा. सर्किट आणि स्कोपच्या मधे जो डिफरन्शियल प्रोब (दोन टोकांमधला व्होल्टेज स्कोपला पोचवणारा) लावलाय त्याचा झीरोच व्होल्ट-दोन व्होल्ट इकडेतिकडे सरकलेला असतो, वरून ५९० वरून खाली आल्यावर प्रोब आणि स्कोपचा अॅम्प्लिफायर स्थिरावायला वेळ घेतात, त्यात अर्ध्या टक्क्याची शेपटी राहिली तरी ती ३ व्होल्टची होते. जे मोजायचं ते २ आणि चूक ३! पडद्यावर रेघ मात्र इतकी बारीक आणि सुबक दिसते की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. मला विचाराल तर या कामाला आजही क्लॅम्प सर्किट, म्हणजे मोठा व्होल्टेज आधीच छाटणारं सर्किट, लावूनच मापावं लागतं, १२ बिट असो की १४. रिपलसाठी (डीसीवरच्या लहरीसाठी), सेन्सरच्या सिग्नलसाठी, पॉवर सप्लायच्या नॉइजसाठी १२ बिटचा फायदा खरा आहे आणि डोळ्याला दिसतो, तो मी नाकारत नाही.

म्हणून ब्रोशरवरचा बिटांचा आकडा बघून झाला की एनॉब विचारा, म्हणजे नॉइज आणि डिस्टॉर्शन वजा जाता खरे किती बिट हातात उरतात तो आकडा. १२ बिटच्या चांगल्या स्कोपचा हा आकडा पूर्ण बँडविड्थला (स्कोप जितक्या फ्रिक्वेन्सीपर्यंत नीट दाखवतो त्या पूर्ण पट्ट्याला) साधारण ८ ते ९ च्या मधे कुठेतरी असतो, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की अजून घसरतो. यात फसवणूक नाही, फिजिक्सच तसं आहे, जितकी बँडविड्थ उघडी तितका नॉइज आत येणार. पण जो विक्रेता हा आकडा विचारल्यावर विषय बदलतो किंवा हेड ऑफिसला मेल टाकतो म्हणतो आणि मग मेल येतच नाही, तिथे मी जरा सावध होतो. आणि काही मॉडेलमध्ये १२ बिट फक्त कमी सॅम्पल रेटला मिळतात, पूर्ण वेगाला गेलं की ते गुपचूप ८ बिटवर येतात, ही गोष्ट डेटाशीटमध्ये लिहिलेली असते पण तळटीपेत.

स्कोप मॅच्युअर आहे की नाही हे खरं तर हार्डवेअरपेक्षा फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, कळतं. एडीसी आणि फ्रंट एंड (इनपुटचं सर्किट) एकदा सिलिकॉनमध्ये बसलं की बसलं, ते पहिल्या दिवशीच चांगलं असतं किंवा कधीच नसतं. सॉफ्टवेअर मात्र ग्राहकाच्या टेबलावर पिकतं. आमच्या ओळखीच्या एका युनिटनं एका मोठ्या कंपनीचा नवाकोरा स्कोप लाँचनंतर लगेच घेतला, नाव लिहीत नाही कारण नंतर त्यांनी सुधारणा केल्या, पण सुरुवातीला त्यात मेमरी पूर्ण वापरून दोन-तीन मॅथ चॅनल (सिग्नलांची बेरीज-गुणाकार दाखवणारे) लावले की पडदा गोठायचा, बंद करून परत चालू करावं लागायचं, आणि पॉवर अॅनालिसिसचं जे ऑप्शन पैसे देऊन घेतलं त्यातला अर्धा भाग पुढच्या अपडेटमध्ये येणार असं सांगितलं गेलं. अपडेट आलं, पण तोपर्यंत त्यांची वॉरंटी निम्मी संपली होती. माझा राग गोठण्यावर नाही, नवीन वस्तूत तसं होतं. राग या गोष्टीचा की जे अजून बनलंच नाही त्याचं बिल आधी फाडलं.

त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगतो, डेमोच्या दिवशी तुमच्या टेबलावर जे चाललं तेवढ्याचेच पैसे द्या. विक्रेता येतो तेव्हा त्याच्याकडे एक छोटं डेमो बोर्ड असतं, त्यावर सगळं छानच दिसतं, ते बोर्ड त्याच्यासाठीच बनवलेलं असतं, मुलगी बघायला आल्यावर कांदेपोहे चांगलेच असतात तसं. ते बाजूला ठेवायला सांगायचं आणि आपला सर्वात त्रास देणारा जॉब लावायचा. त्याआधी मी एक साधी गोष्ट करतो ज्याला कुठलंच सामान लागत नाही, सगळे इनपुट मोकळे ठेवायचे, ५० ओहम करायचे, बँडविड्थ पूर्ण, सर्वात बारीक रेंज, आणि एसी आरएमएस, म्हणजे स्कोपचा स्वतःचा नॉइज, किती येतो ते लिहून घ्यायचं, मग २० मेगाहर्ट्झचं लिमिट लावून परत. चारही चॅनल. हेच दुसऱ्या कंपनीच्या स्कोपवर. मग एक-एक मिलिव्होल्टची रेंज खरी आहे की वरच्या रेंजचं चित्र नुसतं फुगवून दाखवलंय तेही कळतं, कारण तसं असेल तर रेंज खाली आणली तरी नॉइजचे मिलिव्होल्ट तिथेच अडकून राहतात. बाय द वे, ५० ओहमवर ठेवलेल्या इनपुटला चुकून मोठा व्होल्टेज लागला तर फ्रंट एंड गेला समजा, बहुतेक स्कोपची मर्यादा ५ व्होल्ट आरएमएसच्या आसपास असते, आणि ती रिपेअर वॉरंटीत धरत नाहीत, पोरांना हे आधी सांगा.

नंतर मेमरी. एमएक्सओ ४ मध्ये ४०० मेगापॉइंट, म्हणजे चाळीस कोटी मापं साठवायची जागा, स्टँडर्ड आहे, आकडा अफाट वाटतो, पण सेकंदाला अडीच गिगासॅम्पलनं (अडीच अब्ज मापांनी) धावलं की ते १६० मिलिसेकंदात भरतं, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झ लाइनच्या फक्त आठ सायकल. ड्राइव्ह ट्रिप (आपोआप बंद) व्हायच्या आधी काय झालं हे शोधायला आठ सायकल कधी पुरतात कधी नाही. आणि ती सगळी मेमरी भरलेली असताना झूम करून बघा, मापं लावून बघा, सीरियल डीकोड (सिग्नलमधला डेटा वाचून दाखवणं) लावून बघा, नॉब फिरवल्यावर हाताबरोबर चित्र चालतं की दोन सेकंदांनी चालतं ते बघा. डीकोडचं अजून एक, काही जुन्या स्वस्त स्कोपमध्ये डीकोड पूर्ण मेमरीवरून न होता फक्त पडद्यावर जे दिसतंय त्यावरून व्हायचं, झूम आउट केलं की डेटा चुकीचा. नवीन मॉडेलला हे विचारू नका, करून बघा. शेवटी फाइल सेव्ह करा. एका पॉइंटला दोन बाइट धरले तर ४०० मेगापॉइंटचे एका चॅनलचे ८०० एमबी, चार चॅनलचे तीन जीबीच्या वर, हे पेन ड्राइव्हवर जायला किती वेळ लागतो आणि मधेच अडकतं का हे बघायला चहा पिण्याइतका वेळ द्यावा लागतो. कोणी देत नाही. सेल्सवाला तर अजिबात नाही.

सेकंदाला लाखो वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलची इतकी चित्रं टिपतो, या आकड्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही. एमएक्सओ ४ चे ४५ लाख, एचडी३ चे १३ लाख, हे खरे आकडे आहेत, कधीतरी येणारा ग्लिच (क्षणिक गडबड) पकडायला उपयोगी आहेत, डिजिटल बोर्डवाल्यांना नक्की. आमच्या पॉवरच्या कामात ट्रिगर, म्हणजे कधी टिपायचं ती अट, नीट लावून एक लांब शॉट घेणं जास्त कामाचं.

आता प्रोब, ज्यावर कोटेशनमध्ये शेवटची ओळ असते आणि बजेट तिथेच कापलं जातं. सिलिकॉन कार्बाइडचे मॉसफेट, म्हणजे फार वेगानं चालू-बंद होणारे स्विच, आता इथे ईव्ही चार्जर आणि सोलर इन्व्हर्टर बनवणाऱ्यांकडे सर्रास आलेत, त्यांचा व्होल्टेज एका नॅनोसेकंदात पन्नास व्होल्ट, कधी त्याहून जास्त चढतो. वरच्या बाजूच्या मॉसफेटचा गेट सिग्नल (त्याला चालू-बंद करणारा) साध्या डिफरन्शियल प्रोबनं बघितला तर वर जो रिंगिंग (थरथरती लहर) दिसतो त्यातला किती खरा आणि किती प्रोबनं घुसवलेला ते सांगता येत नाही, कारण कॉमन मोड, म्हणजे दोन्ही टोकांवर एकत्र चढणारा व्होल्टेज, दाबायची प्रोबची ताकद फ्रिक्वेन्सी वाढली की झपाट्यानं कमी होते. मी बघितलंय की असा खोटा रिंगिंग बघून लोकांनी गेट रेझिस्टर वाढवले, स्विचिंग मंद केलं आणि हीट सिंक तापवत बसले. यावर उपाय म्हणजे फायबरनं वेगळा केलेला ऑप्टिकल प्रोब, टेक्ट्रॉनिक्सनं २०१६ मध्ये आयसोव्हू नावानं तसा आणला, आता इतरही बनवतात, महाग आहेत, पण ८ बिटचा जुना स्कोप आणि असा प्रोब ही जोडी १२ बिटच्या नव्या स्कोपला आणि साध्या प्रोबला या कामात सहज हरवते असं माझं मत आहे आणि वाद घालायला मी तयार आहे. शिवाय प्रत्येक कंपनीचा प्रोब कनेक्टर वेगळा, कंपनी बदलली की आधीचे करंट प्रोब, डिफरन्शियल प्रोब सगळे कपाटात, किंवा अॅडॉप्टर आणि वेगळा पॉवर सप्लाय. हा खर्च स्कोपच्या किमतीत कोणी धरत नाही.

आत कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे हेही बघा. मोठे स्कोप पूर्वी विंडोजवर चालायचे, काही अजून चालतात. एक्सपीचा सपोर्ट २०१४ ला संपला, विंडोज ७ चा २०२० ला, विंडोज १० चा २०२५ च्या ऑक्टोबरात. स्कोप पंधरा वर्षं चालतो, विंडोज तितकं चालत नाही, आणि मग मोठ्या कंपनीचा आयटीवाला त्याला नेटवर्कला लावूच देत नाही, रिपोर्ट पेन ड्राइव्हनं न्यायचे आणि पेन ड्राइव्हसुद्धा बंद असतात. नव्या बऱ्याच स्कोपमध्ये आत लिनक्स आहे, रायगॉलच्या डीएचओ ८००, ९०० मालिकेत तर अँड्रॉइड आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त दहा वर्षांनी त्याचं अपडेट कोण देणार हे विचारून ठेवा. आणि कंपनीच्या साइटवर जाऊन फर्मवेअरच्या रिलीज नोट्स वाचा, फुकट असतात. लोक समजतात की दुरुस्त केलेल्या बगची लांब यादी म्हणजे माल खराब, मला उलट वाटतं, नियमित, लांब आणि स्पष्ट यादी म्हणजे कोणीतरी ऐकतंय. ज्या मॉडेलचं लाँचनंतर वर्षभर एकही अपडेट नाही ते एकतर देवाचं देणं आहे किंवा सोडून दिलेलं आहे.

कॅलिब्रेशनचंही तसंच. आपल्याकडे मकरपुऱ्यातच इर्डासारखी विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी संस्था १९७४ पासून उभी आहे, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबही आहेत, तरी नवं एक-दोन गिगाहर्ट्झचं मॉडेल असेल तर आधी फोन करून विचारा की याचं पूर्ण कॅलिब्रेशन, बँडविड्थसकट, तुम्ही कराल का आणि अॅडजस्टमेंट लागली तर कोण करेल. अनेकदा अॅडजस्टमेंटची प्रोसिजर फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असते, म्हणजे दरवर्षी स्कोप बेंगळुरू किंवा कुठे पाठवा आणि तोवर हात बांधून बसा. ऑडिटवाला तर सर्टिफिकेट मागणारच.

कॉलेजबद्दल थोडं, कारण तुमचा लेख मुख्यतः त्यांच्यावर होता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली ती पोरांनी हातानं काम शिकावं म्हणून. आज काय होतं, ग्रँट मार्च एंडला संपवायची असते, कमिटी एका कंपनीचं ब्रोशर समोर ठेवून स्पेसिफिकेशन लिहिते, एक गिगाहर्ट्झचा स्कोप येतो, आणि त्यावर फुटेल-जळेल या भीतीनं कव्हर घालून एचओडीच्या खोलीत ठेवतात. पोरं प्रॅक्टिकलला इंदूरच्या सायंटिफिक कंपनीचे जुने २० मेगाहर्ट्झचे सीआरओ वापरतात, जे बिचारे अजून चालतात. त्याच पैशात सिग्लेंट एसडीएस ८००एक्स एचडी किंवा रायगॉल डीएचओ ८०० सारखे १२ बिटचे छोटे स्कोप टेबलागणिक येतील, राइज टाइमचा (सिग्नल चढायला लागणाऱ्या वेळेचा) ०.३५ भागिले बँडविड्थ हा हिशेब पोरांना १०० मेगाहर्ट्झवरसुद्धा साडेतीन नॅनोसेकंद काढून दाखवता येतो. हाय एंड एक असावा, पण रिसर्च करणाऱ्याच्या टेबलावर, आणि त्याच्या नावावर.

मग शेठ विचारतात, तू घेशील का सांग. मी सांगतो ते असं. थ्री फेजचं काम असेल तर तीन व्होल्टेज तीन करंट धरून सहा चॅनल लागतात, आठ चॅनलचे १२ बिटचे स्कोप, टेक्ट्रॉनिक्सचा ५ सिरीज, रोड अँड श्वार्झचा एमएक्सओ ५, हे बाजारात पुरेसे रुळलेत, बिनधास्त घ्या, प्रोबचं बजेट आधी बाजूला काढून. १४ बिटची कल्पना मला आवडते, कमी नॉइज हे खरं काम आहे आणि कीसाइटनं त्यासाठी चिपच वेगळी बनवली आहे, पण ज्याला मिलिव्होल्टच्या खालचं बघायचं नाही त्यानं पहिल्या दोन वर्षांत घाई का करावी हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. ज्याला बघायचंय त्यानं डेमो मागवावा, चार-पाच दिवस ठेवून घ्यावा, एका तासाचा डेमो हा डेमो नव्हे.

आणि पर्चेस ऑर्डरमध्ये डेमोच्या वेळचा फर्मवेअर व्हर्जन नंबर लिहा, त्या व्हर्जनवर जी ऑप्शन्स चालू दिसली ती नावानिशी लिहा, आणि दहा टक्के पेमेंट ती सगळी तुमच्या टेबलावर चालेपर्यंत थांबवा. विक्रेते आधी नाही म्हणतात, हेड ऑफिस मानणार नाही म्हणतात, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मानतात.

आपला नम्र,
एक जुना वाचक
मकरपुरा, बडोदे